दुसरा भाग

चारोटी नाक्यावर मी पेपरची टपरी टाकली ती १९८९ साली. तेव्हा हायवेचा नंबर ८ होता, आता ४८ झालाय. नाक्यावरच्या माणसाला नंबराशी घेणंदेणं नसतं, त्याला चार रस्ते कळतात. एक मुंबईकडे, एक गुजरातकडे, एक डहाणू स्टेशनाकडे आणि एक कासा करून वर जव्हारकडे. या चौकात खोळंबलेल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात : चहा आणि वेळ घालवायला काहीतरी. चहाची टपरी आधीच होती. मी दुसरी गोष्ट विकायला बसलो.

पुढच्या फळीवर मराठी, गुजराती, हिंदी पेपर. बाजूला पंचांग, आरत्यांची पुस्तकं, नोकरीच्या जाहिरातींचे अंक. आणि मागच्या भिंतीला खिळ्याखिळ्यावर सुतळ्या ताणून त्यांच्यावर कपड्याच्या चिमट्यांनी लटकवलेली कॉमिक्स. ती भाड्याची. घरी नेलं तर रोजचे आठ आणे आणि डिपॉझिट, इथंच बाकड्यावर बसून वाचलं तर चार आणे. खरं सांगायचं तर पेपर हे निमित्त होतं. मला कॉमिक्समध्ये बसायचं होतं, आणि एकवीस वर्षांच्या पोराला तसं घरी सांगता येत नाही.

हे वेड वडिलांमुळे लागलं. ते ट्रकवर होते. मुंबईची खेप करून येताना दादरच्या फुटपाथवरून जुनी इंद्रजाल कॉमिक्स सुतळीनं बांधून आणायचे. इंद्रजाल काढलं टाइम्सवाल्यांनी, १९६४ च्या मार्चमध्ये, आणि ते मराठीतही निघायचं. जादूगार मँड्रेक असायचा, फ्लॅश गॉर्डन असायचा. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या डाकूंशी लढणारा आपल्याकडचा हीरो म्हणून तो बरा वाटायचा. पण राजा एकच, वेताळ. मूळचा ली फॉकचा फँटम, १९३६ सालचा. त्याचं मराठीत ज्या कुणी वेताळ केलं त्याला माझा दंडवत.

कारण माझी आजी कोकणातली आणि तिच्या गावी वेताळ हा देव. वेशीवरचा राखणदार, अवसेच्या रात्री भुतांचा लवाजमा घेऊन फिरणारा. आजी मला तिन्हीसांजेनंतर ते पुस्तक हातात धरू द्यायची नाही. दिवेलागणीला त्याचं नाव घेऊ नये म्हणायची. मग मी त्याला ‘तो जांभळा’ म्हणायचो. चारशे वर्षांत तो मेला नाही अशी त्या जंगलातल्या लोकांची समजूत, आणि खरं तर बापामागून मुलगा असे एकवीस वेताळ झालेले, हे गुपित फक्त वाचकाला ठाऊक. आमच्या वर्गात ते फक्त मला ठाऊक होतं, म्हणून वर्गावर माझं थोडं राज्य होतं. त्याची कवटीची गुहा मुसळ्या डोंगरात आहे याबद्दलही माझ्या मनात शंका नव्हती. डेंकालीचं जंगल म्हणजे कासा ओलांडून जव्हारच्या घाटाला लागलं की जे सुरू होतं ते. ढोलावरून निरोप पाठवणारे लोक, विषारी बाण, नदी, धबधबा, सगळं घरापासून बैलगाडीच्या अंतरावर होतं. फक्त तो जांभळा अजून आमच्या बाजूला फिरकला नव्हता.

टपरी उघडल्याला वर्ष झालं नाही तोच, १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. ज्या मालासाठी दुकान मांडलं तो मालच आटला. माझ्याकडे साठ-सत्तर जुने अंक होते, ते फाटेपर्यंत भाड्यानं फिरले. नवीन गिऱ्हाईक मात्र वेताळासाठी थांबत नव्हतं. त्याला नागराज हवा होता.

नागराज दिल्लीच्या राज कॉमिक्सचा, १९८६ मध्ये आलेला. त्याच्या पाठोपाठ पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव. हिंदी अंक, पण नाक्यावर भाषेचा अडसर नसतो. राजस्थानचा ड्रायव्हर, वापीचा क्लीनर, आश्रमशाळेतला वारली पोरगा आणि डहाणूहून चिकूचा टेम्पो घेऊन आलेला माणूस एकाच बाकड्यावर बसून तोच अंक वाचायचे. एकानं पान उलटायची घाई केली की दुसरा त्याचा अंगठा दाबून धरायचा.

मला सुरुवातीला नागराजचा राग होता. माझ्या वेताळाची जागा त्यानं खाल्ली असं वाटायचं. मग एकदा एका पानाच्या तळाशी चित्रकाराचं नाव वाचलं : प्रताप मुळीक. पुण्याचा माणूस! अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तकं मुळीकांच्या हातची, ती मी लहानपणी डोळे फाडून बघितलेली. दिल्लीचा हा हिरवा हीरो पुण्यात बसून कुणी मराठी माणूस काढतोय म्हटल्यावर माझा राग गेला. माणूस किती फुसक्या कारणांनी पक्ष बदलतो. त्या दिवसापासून मी नागराजचा अंक चिमट्याला लावताना आधी स्वतः वाचून काढू लागलो.

नागराजच्या रक्तात साप असतात. अतिरेक्यांना भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून त्याला एका प्रोफेसरानं तयार केलेलं असतं, आणि बाबा गोरखनाथ त्याला त्यातून सोडवतात. त्याच्या मनगटातून साप सुटतात, त्यांच्या दोराला लटकून तो इमारतींवरून जातो. मुंबईच्या पोरांना हे जितकं अद्भुत वाटत असेल तितकं आमच्याकडे वाटत नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात साप ही रोजची बाब. घोणस, मण्यार, नाग, कुणी ना कुणी चावल्याचं ऐकू येतंच, आणि भगताकडे न्यायचं की कासाच्या दवाखान्यात यावर पाड्यात वाद होतोच. बाकड्यावरची पोरं नागराजच्या सापांच्या चुका काढायची. “असा वेटोळा नाग नाय घालत.” “याचा रंग धामणीचा, फणा नागाचा.” एक तर मला गंभीरपणे म्हणाला होता की या माणसाला मण्यार अजून भेटलेली नाही, नाहीतर रात्री असा जमिनीवर झोपला नसता. मुळीकांना हे कळवावं असं फार वाटायचं. पत्र लिहिलं नाही.

आता धंद्याचं सांगतो, कारण माझी खरी तक्रार तिथं आहे.

राज कॉमिक्सच्या गोष्टी पुष्कळदा एका अंकात संपायच्या नाहीत. शेवटच्या पानावर हीरो कड्यावरून पडतोय, नाहीतर त्याच्या छातीवर तलवार टेकलीय, आणि खाली पुढच्या अंकाची जाहिरात. दिल्लीत किंवा लखनौत पुढचा अंक महिन्यानं मिळत असेल. माझा माल मुंबईहून एका एजंटाकडे, तिथून दुसऱ्याकडे आणि मग माझ्याकडे यायचा. मधल्या प्रत्येक हातात वरचे चांगले अंक गळायचे. माझ्याकडे कधी पहिला भाग यायचा, कधी नुसताच दुसरा. तीन भागांच्या मालिकेतला मधलाच आला असंही झालंय. दोन्ही भाग एका वर्षात आले असते तर मी पेढे वाटले असते.

हीरो मरणार नाही हे पहिल्या पानापासून माहीत असतं. तरी ती शेवटची चौकट पोटात खड्डा पाडते. कशी पाडते हे मला इतकी वर्षं हाच धंदा करून उलगडलेलं नाही. एका गोष्टीचे तीन तुकडे करून तिप्पट पैसे काढण्याची ही युक्ती आहे, हे मी हिशोबाच्या वहीत रोज बघत होतो. पहिल्या भागाला वीस भाडी, तर दुसऱ्याला तीस, कारण ज्यांनी पहिला वाचला नाही तेही चर्चा ऐकून यायचे. त्या चौकटीचा मला राग यायचा आणि तिच्यावरच माझी चूल पेटायची. आणखी एक कबुली. दुसरा भाग माझ्याकडे नाही आणि येण्याची शक्यताही नाही हे ठाऊक असताना मी पहिला भाग भाड्यानं देत होतो. “पुढचा येणार ना, शेठ?” या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं : “पार्सल निघालंय.”

पोरांनी यावर आपला तोडगा काढला होता. दुसरा भाग आधी वाचून पहिला आपल्या मनानं रचायचा. बाकड्यावर यावरून मारामारीपर्यंत गोष्टी जायच्या. मी पेपरच्या घड्या घालता घालता ऐकायचो. त्यांनी रचलेली गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा बरी असायची, असं मला तेव्हाही वाटायचं. धंद्याच्या दृष्टीनं ते बोलून दाखवणं बरं नव्हतं.

चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा लागली की मी टपरीला फळ्या लावून विवळवेढ्याला पाल टाकायचो. तिथं पंधरवडाभर सगळा डोंगरपट्टा उतरतो. सुकी मासळी, मिरच्या, कोयते, बांगड्या, पाळणे, आणि या सगळ्यात माझी कॉमिक्सची सुतळी. वर्षाचं निम्मं उत्पन्न त्या दिवसांत व्हायचं. पहिल्या वर्षीची एक रात्र लक्षात आहे. वाघाडीचा पुजारी मध्यरात्री ध्वज घेऊन अंधारात गडाचा सुळका चढतो, पिढ्यान् पिढ्यांचा मान आहे तो. त्या वेळी पालात दहा-बारा पोरं पेट्रोमॅक्सच्या उजेडात ध्रुव वाचत होती. बाहेर कालवा झाला तशी सगळी अंक उघडे टाकून पळाली. मी ते गोळा करून मागोमाग गेलो. वर काही दिसत नव्हतं, नुसता काळा डोंगर. तरी सगळे मान वर करून उभे होते. कसरत अशी की ध्रुवनं केली असती तर राज कॉमिक्सनं तिचा विशेषांक काढला असता. इथं त्या माणसाचं नाव विचारायचंही कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो पोरगा १९९६ च्या सुमाराला यायचा. आश्रमशाळेत सातवीला. घर गंजाडच्या बाजूला, म्हणजे जिथं जिव्या सोमा म्हशे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढत होते त्या अंगाला. सुट्टी लागली की नाक्यावर उतरायचा, पुढची गाडी मिळेपर्यंत बाकड्यावर बसायचा. दिवाळीच्या सुट्टीला जाताना त्यानं ध्रुवचा एक पहिला भाग वाचला. कुठला ते सांगत नाही, कारण सांगितलं तर जाणकार मंडळी लगेच दुसऱ्या भागाची साद्यंत हकीकत ऐकवतील. शेवटच्या चौकटीत ध्रुवचे हात मागे बांधलेले, तो एका टाकीत, आणि पाणी गळ्याशी आलेलं.

“पुढला कधी येल, शेठ?”

“पार्सल निघालंय.”

मे महिन्यात घरी जाताना तो पुन्हा उतरला. पार्सल निघालेलंच होतं. पुढच्या दिवाळीला परत. या वेळी तो अंकांकडे बघतही नव्हता, सरळ माझ्याकडे आला. वर्षभर तो पोरगा त्या टाकीत गळाभर पाण्यात ध्रुवला उभा करून शाळेत जात होता, जेवत होता, झोपत होता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मला पहिल्यांदा लाज वाटली. काळी-पिवळी जीप लागली होती, पण ती सोळा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. तेव्हा आठ भरली होती. मी म्हटलं, “अंक आला होता रे. मी वाचला. गेला तो कुणाकडे तरी. बस, सांगतो.”

मी काही वाचलं नव्हतं. ध्रुवकडे कसलीही अलौकिक शक्ती नाही, हीच त्याची खुबी. सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं चालवतो, आणि जनावरांशी बोलू शकतो. मी तिथून धागा उचलला. विचारलं, टाकीत पाणी कुठनं येतंय? तो म्हणाला, नदीतनं. मी म्हटलं, बरोबर. आणि नदीत काय असतं?

“मुठे,” तो म्हणाला.

पहिल्या पावसात शेताच्या बांधावर, ओढ्याच्या कपारीत हात घालून जे काढतात ते खेकडे. त्याच्या बोटांवर त्यांच्या नांग्यांच्या खुणा असणारच. मग पुढची गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली. ध्रुवनं पाण्याखाली तोंड घालून मुठ्यांच्या बोलीत हाक मारली. ती बोली कशी असते हे त्यानं जिभेनं टकटक करून मला दाखवलं. पाईपातून एक मुठा आला, मग दहा, मग टाकीचा तळ काळा झाला. त्यांनी दोर कापले. खलनायक टाकीत डोकावायला आला तर त्याच्या नाकाला एक मुठा लटकला. जीपमध्ये चौदा झाले, पंधरा झाले. सोळावा येईपर्यंत आम्ही ध्रुवचं राजनगर वाचवलं. पोरगा हसत टपावर चढला. त्या दिवशी मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझ्या धंद्यातला तेवढाच एक प्रामाणिक व्यवहार असावा, आणि तोही थापेचा.

याच काळात डोगा आला होता. कुत्र्याचा मुखवटा, दोन्ही हातांत बंदुका, कर्मभूमी मुंबई. बाकीचे हीरो गुंडाला पकडून पोलिसांकडे देतात, हा तिथल्या तिथे मारतो. ड्रायव्हर लोकांचा तो देव झाला. रात्रीच्या वेळी रस्त्यात ज्याला कुणी ना कुणी लुटतच असतं, त्या माणसाला डोगा का आवडतो हे समजायला शिक्षण लागत नाही. नाक्यावरच्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नावं डोगा झाली, काळा डोगा, लंगडा डोगा. मी मात्र सातवीच्या खालच्या पोरांना तो अंक द्यायचा नाही असा नियम केला. रक्त फार, गोळ्या फार, आणि प्रश्न विचारायची सोय नाही. नियम करून रात्री टपरीत कंदिलाखाली स्वतः तेच वाचत बसायचो. पान उलटताना हाताला घाम यायचा. मला तो आवडायचा म्हणूनच तो पोरांना देववत नव्हता.

मग एक पावसाळी रात्र. मालाचा ट्रक उलटला, केबिन पार दबली. असे अपघात या पट्ट्यात नवे नव्हते. चहावाला, पंक्चरवाला आणि मी आधी पोचायचो, कारण आमचीच घरं जवळ. कॉमिक्समध्ये अशा वेळी एक हात येतो आणि ट्रक उचलला जातो, दोन चौकटींत काम. आम्हाला पहारी, जॅक आणि दोर घेऊन दोन तास लागले. पाड्यावरचा एक सडपातळ गडी काचेतून आत शिरला आणि क्लीनरचा पाय मोकळा केला. ड्रायव्हर गेला होता. सीटखाली चिखलात माझ्या टपरीचा शिक्का असलेला नागराज पडला होता, डिपॉझिट भरून नेलेला. त्यानंतर काही महिने मी अंक चिमट्याला लावायचो, पण उघडायचो नाही. पैसे मिळत होते. उडणाऱ्या माणसाचं चित्र दिसलं की मला त्या गड्याचे काचेनं चिरलेले कोपर दिसायचे.

वेताळाशी माझं बिनसलं ते त्याच सुमारास. डहाणूच्या एका जुन्या बंगल्यातली रद्दी आली, तिच्यात इंद्रजालचे चाळीसेक अंक. कोरे करकरीत. मी दुपारभर दुकान टाकून वाचत बसलो आणि हळूहळू पोटात काहीतरी बिघडत गेलं. हा तर गोरा साहेब! लहानपणी मला ते कधी दिसलंच नव्हतं. मुखवट्याखालचा चेहरा मी सावळा धरून चाललो होतो, आमच्या वेशीवरच्या वेताळासारखा. आणि इथं एक गोरा माणूस चारशे वर्षं सिंहासनावर बसून कायदे करतोय, आणि सगळं जंगल त्याच्या पायाशी. गुर्रन त्याचा मित्र खरा, पण मित्रानं किती वाकायचं याची काही मर्यादा? त्याच आठवड्यात एका मास्तरांनी माझ्याकडून गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मागवून घेतलं होतं. ते न्यायला येईपर्यंत मी चाळलं. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार मोडली त्याची हकीकत. तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड त्यात गेला. ही सगळी माझ्या मुसळ्या डोंगराच्या सावलीतली माणसं. मी त्याच जंगलात बसून लहानपणभर कवटीच्या गुहेतून कुणीतरी यायची वाट बघत होतो.

पुढच्या यात्रेला ते चाळीस अंक न्यावेत की नाही यावर मी दोन रात्री घालवल्या. शेवटी नेले. पैसे हवे होते, हे एक. दुसरं म्हणजे ते जाळायची माझी हिंमत नव्हती, आजही नाही. पालात वारली पोरं वेताळ वाचायला बसली तेव्हा मी कान टवकारून होतो. गोऱ्या साहेबाचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांची चर्चा धनुष्यावर चालली होती. चित्रातला माणूस बाण भलत्याच बोटांत धरतो, असा सोडला तर पायात घुसेल. एकानं उठून काडी घेऊन करूनही दाखवलं. वेताळ त्या चौकटीच्या कोपऱ्यात कुठंतरी उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या दोन रात्री फुकट गेल्या.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं आणि रविवार दुपारची माझी भाडी बंद पडली. केबल आली. २००४ मध्ये परदेशी स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली, मुंबईचा पवित्र प्रभाकर नावाचा पोरगा धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारा. मी पोट धरून हसलो आणि अंक विकत घेतला. हायवे रुंद झाला, टोलनाका झाला, उड्डाणपुलावरून गाड्या थेट जाऊ लागल्या. खोळंबणारा माणूस कमी झाला, आणि जो खोळंबतो त्याच्या हातात मोबाइल. सुतळ्या मी २०११ मध्ये उतरवल्या. आता फळीवर पाण्याच्या बाटल्या, वेफर, रिचार्ज, हंगामात चिकू. अधूनमधून मुंबईहून कुणी चकाचक गाडीवाला थांबतो आणि जुने इंद्रजाल आहेत का विचारतो. एकेका अंकाला असा भाव सांगतो की मी माझ्या आठ आण्यांचा हिशोब मनात करायचं सोडून देतो. मात्र तो अंक उघडत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, हवा लागू नये म्हणून. त्याला विकायला माझा हात धजत नाही. भाव कमी म्हणून म्हणावं तर तसंही नाही.

तो दुसरा भाग मला २००९ मध्ये सापडला. वापीच्या एका भंगारवाल्याच्या पोत्यात, कव्हर गेलेलं, आतली पानं शाबूत. बारा वर्षं उशिरा का होईना, पार्सल पोचलं होतं. मी तिथंच उकिडवा बसून वाचलं. ध्रुवच्या पट्ट्यात एक पातं लपवलेलं असतं. त्यानं दोर कापला, वर आला, दोन ठोसे, संपलं. टाकीचा सगळा प्रसंग दीड पानात उरकलेला. उरलेल्या अंकात दुसरीच मारामारी, तिसराच खलनायक आणि शेवटी अजून एका अंकाची जाहिरात. मला वाईट वाटलं ते कुणासाठी हे ठरवता येईना. तरी मी तो पाच रुपयांना घेतला आणि टपरीच्या गल्ल्याखाली ठेवला. त्या पोराला दाखवायचा म्हणून ठेवला की त्याच्यापासून लपवायचा म्हणून, हे मी स्वतःला कधी नीट विचारलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक इको गाडी थांबली. चाळिशीला टेकलेला माणूस, बोईसरच्या कारखान्यात कामाला, बरोबर आठ-नऊ वर्षांची पोरगी. बाटली मागितली आणि माझ्याकडे बघत राहिला. “शेठ, सुतळी काढली काय?”

ओळख पटायला मला वेळ लागला, त्याला लागला नाही. चहा झाला. शाळेच्या, जीपच्या गोष्टी झाल्या. मग मी गल्ल्याखाली हात घालून अंक काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. सोळा वर्षं गल्ल्याखाली राहून पानांना नाण्यांचा वास लागला होता. तो बाकड्यावर बसला. जुन्या सवयीनं अंगठ्यानं पान दाबून, सावकाश, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत त्यानं वाचलं. पोरगी गाडीत हॉर्न वाजवत होती. मी फळीवरच्या बाटल्या उगाच सरळ करत होतो.

त्यानं अंक मिटला आणि परत माझ्या हातात दिला.

“हा तो नाय, शेठ.”

“तोच आहे रे. आत बघ, लिहिलंय, भाग दोन.”

“यात मुठे कुठंयत?”

मी काही बोललो नाही. त्यानं पैसे दिले, पोरीला वेफरचा पुडा घेतला आणि गाडीत बसला. काच खाली होती. पोरगी विचारत होती, “बाबा, कसले मुठे?” त्यानं चावी फिरवली होती, ती परत फिरवून इंजिन बंद केलं.